टाकीला पांघरूण

ज्या टाकीतली द्राक्षं दिवसातून चार वेळा ढवळायची होती, त्या टाकीचं झाकण मी दिवसातून चार वेळा दाबत राहिलो. तीन दिवस. न चुकता. वहीत वेळ लिहून ठेवून.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाला माझ्याबद्दल उगाच आशा वाटायला नको.

कोविडचं दुसरं वर्ष होतं. आम्ही टूवूंबात राहतो. बायको तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आणि मी युनिव्हर्सिटीच्या आयटीत, कॉन्ट्रॅक्टवर. परदेशी विद्यार्थी यायचे बंद झाले, त्यांच्यामागोमाग माझं कॉन्ट्रॅक्टही बंद झालं. बायको दिवसभर स्वॅबच्या ढिगाऱ्यात आणि मी घरी कणकेच्या. तिसऱ्या आठवड्यात ती डबा परत आणून ओट्यावर ठेवत म्हणाली, "हे बघ, एक तर काम शोध, नाही तर माझ्या डब्यात पोळ्या देऊ नकोस. लॅबमध्ये एकीने कॉफीचा मग ठेवला त्यावर."

टूवूंबाहून दक्षिणेला गाडीने दोन तासांवर, उंचावर, सफरचंदांचा आणि द्राक्षांचा पट्टा आहे. क्वीन्सलंड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे समुद्र आणि चड्डीतली माणसं येतात, पण या पठारावर मार्च संपायच्या आत सकाळी स्वेटर लागतो. द्राक्षं त्या थंडीत सावकाश पिकतात आणि शेताशेतांत घराएवढाले ग्रॅनाइटचे धोंडे निवांत बसलेले असतात. एरवी तिथे द्राक्षं तोडायला युरोपातली पाठीवर पिशवी घेऊन हिंडणारी पोरं यायची. सीमा बंद, पोरं आपापल्या घरी. त्यामुळे एका छोट्या वायनरीची जाहिरात होती: माणूस हवा, अनुभव असल्यास उत्तम.

मी फोन लावला. पलीकडे एक म्हाताऱ्या बाई. "अनुभव आहे का?"

मी म्हणालो, "मी नाशिकचा."

बस, एवढंच म्हणालो. पुढचं काम बाईंनी स्वतःच इंटरनेटवर केलं आणि दहा मिनिटांत त्यांचाच फोन आला. आवाज बदललेला. "अरे, तुमच्याकडे तर वायनऱ्याच वायनऱ्या आहेत! आधी नाही का सांगायचंस?"

आता नाशिकमध्ये माझं बालपण सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं. द्राक्षांचा आणि माझा संबंध एवढाच, की घड स्वस्त व्हायची वाट न बघता आई घडातून गळलेले सुटे मणी किलोने आणायची आणि मी ते मीठ लावून खायचो. पण हे बाईंना कुठे सांगत बसू? मी म्हणालो, "तसं रक्तातच आहे आमच्या." आईला मात्र मी वाइनचं काही बोललो नव्हतो. द्राक्षाच्या बागेत काम मिळालंय, एवढंच. आई म्हणाली, "बेदाणे करतात का रे?" म्हटलं, "हो, त्याच्याच जवळपासचं."

बाई सत्तरीच्या, काटक. कुत्रा, ट्रॅक्टर आणि माणूस या तिघांशी एकाच आवाजात बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला घड तोडायची कात्री दिली. अर्ध्या तासात मी आठ घड आणि स्वतःच्या अंगठ्याचा थोडासा भाग कापला. बाईंनी पट्टी बांधली आणि विचारलं, "नाशिकला अंगठ्यासकट तोडतात का?" त्या दिवसापासून माझं नाव एक्स्पर्ट. "एक्स्पर्ट, बादली आण." "एक्स्पर्ट, तो साप नाही, पाण्याचा पाइप आहे."

पण त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर चुंबकाने लावलेला एक कागद होता, तो गमतीतला नव्हता. शेजारच्या सफरचंदवाल्याने बाईंचं शेत विकत घ्यायचा करार करून पाठवला होता. फक्त बाईंची सही व्हायची होती. आदल्या हंगामात वणव्यांचा धूर महिनोन् महिने या पठारावर बसून राहिला आणि सगळ्या वाइनला विझलेल्या चुलीची चव आली. बाईंनी ती सगळी शेतात ओतून दिली. या वर्षी वेलींनी कसाबसा जीव धरला होता. काळ्या शिराझ द्राक्षांची मिळून एकच टाकी भरली.

"ही नीट झाली तर मी इथेच," बाईंनी चहा ढवळता ढवळता सांगितलं होतं. "नाही झाली, तर सही करते आणि ब्रिस्बेनला बहिणीकडे जाऊन टीव्ही बघते. मला टीव्ही आवडत नाही."

रविवारी आम्ही द्राक्षं चुरडून टाकी भरली, बाईंनी त्यात यीस्ट घातलं. टाकीच्या शेडशेजारी तोडणीच्या पोरांसाठी बांधलेल्या खोलीत मी राहायचो. सोमवारी पहाटे बाई डोळे तपासायला ब्रिस्बेनला निघाल्या. संध्याकाळपर्यंत परत येणार होत्या. जाताना म्हणाल्या, "आज काही व्हायचं नाही तिच्यात. चिलटं जाऊ नयेत म्हणून वर झाकण टेकवून ठेवलंय. हात लावू नकोस, मी आल्यावर दाखवते सगळं."

दुपारी ब्रिस्बेनला तीन दिवसांचा लॉकडाऊन लागला. बाई बहिणीकडे अडकल्या. टीव्हीसमोर.

पुढचं कळायला एक गोष्ट सांगायला हवी, जी मला आता झोपेत विचारली तरी येते. चुरडलेली द्राक्षं आंबायला लागली की गॅस सुटतो आणि तो सगळी सालं वर ढकलतो. रसावर सालांचा हातभर जाड थर तरंगायला लागतो. त्या थराला इथे 'कॅप' म्हणतात. ती कॅप दांड्याने दाबून पुन्हा पुन्हा रसात बुडवायची, म्हणजे सालं ओली राहतात, रंग उतरतो आणि आतली उष्णता बाहेर पडते. तेव्हा मात्र मला दोनच कॅपा माहीत होत्या. एक डोक्यावरची, एक बाटलीची.

संध्याकाळी बाईंचा फोन. लाइन खरखरत होती. "एक्स्पर्ट, आता सगळं तुझ्यावर. दिवसातून चार वेळा कॅप खाली दाबायची. जोर लावून. आणि ती कोरडी पडू द्यायची नाही, ओली ठेवायची. तुला काय सांगायचं म्हणा, तू नाशिकचा."

"नो वरीज," मी म्हणालो. या देशात येऊन शिकलेल्या शब्दांपैकी सगळ्यात घातक शब्द.

"तापमान किती आहे?"

शेडच्या भिंतीवर थर्मामीटर होतं. मी वाचलं. "अकरा."

"अकरा? अगं बाई, गारठलीय. सुरूच व्हायची नाही अशाने. काहीतरी गुंडाळ तिला."

फोन ठेवला आणि मी शेडमध्ये जाऊन टाकीचं पांढरं प्लास्टिकचं झाकण, म्हणजे माझ्या समजुतीने कॅप, दोन्ही हातांनी जोर लावून खाली दाबलं. मग बागेचा पाइप आणून त्यावर पाणी मारलं. कॅप ओली ठेवायची होती ना. थोडं विचित्र वाटलं, पण या देशात विचित्र वाटणाऱ्या सगळ्याच गोष्टींना काहीतरी कारण असतं असा माझा अनुभव होता. कचऱ्याच्या बिनला सुद्धा इथे झाकणाच्या रंगाप्रमाणे वार असतो.

गुंडाळायचं कसं, हा प्रश्न राहिला. बायकोला विचारलं असतं तर तिने अर्ध्या मिनिटात सगळं सांगितलं असतं. दिवसभर जंतूच वाढवते ती. पण ती आधी हसली असती आणि अर्धं मिनिट त्यानंतर सुरू झालं असतं. म्हणून मी नाशिकला आईला फोन केला.

"आई, थंडीत विरजण लावलं तर काय करतेस गं?"

आईला भरून आलं. मुलगा परदेशात घरी दही लावतोय. "हे बघ, छान उबेत ठेवायचं. पांघरूण घालायचं जाडसं. आणि मुख्य म्हणजे बाळा, सारखं उघडून बघायचं नाही. तुला लहानपणापासून सवय आहे ती. ढवळू तर अजिबात नकोस, मोडतं."

"किती वेळ?"

"किती लावलंयस?"

"जरा जास्त आहे. टनभर."

"चावटपणा पुरे," आई म्हणाली. "लागेपर्यंत हात लावू नकोस."

इथे दुलईला डूना म्हणतात. माझ्या पलंगावरचा एक आणि रिकाम्या पलंगावरचा एक, असे दोन डूने मी टाकीला गुंडाळले, बोचकं बांधतात तसे. स्वतः जॅकेट घालून झोपलो. त्यागाची भावना वगैरे होती.

मंगळवारी दुपारी पाहिलं तर झाकण वर उचललं गेलं होतं. मी दाबलं. ते परत वर. पाणी मारलं, दाबलं, परत वर. शेवटी बांधावरून एक बेताचा ग्रॅनाइटचा धोंडा ढकलगाडीत घालून आणला आणि वर ठेवला. ट्रॅक्टरचे दोन पट्टे आवळले. कुत्रा दारात बसून बघत होता. त्याला काहीतरी कळलं होतं असं मला आता वाटतं.

फोन आला. "कॅप वर येतेय का?"

"हो! सारखी येतेय!"

"ब्युटी! म्हणजे सुरू झालं. दाबतोयस ना?"

"दर तीन तासांनी. जाम जोर आहे हो तिच्यात."

"आणि ओली?"

"चिंब."

"गार नाही ना लागत?"

मी डून्याखाली हात घालून सांगितलं, "छान ऊबदार आहे."

बाई म्हणाल्या, "मेट, मी तुला उगाच चिडवते. या दोन दिवसांत बहिणीने माझं डोकं फिरवलंय, पण टाकीची काळजी नाही. तू आहेस तिथे." मागून टीव्हीचा आवाज येत होता.

त्या वाक्यावर मी बुधवारी चाराऐवजी सहा वेळा झाकण दाबलं, धोंड्यासकट.

बुधवारी शेडमध्ये एक ओळखीचा वास यायला लागला. मी डोळे मिटून हुंगला. काळं मीठ! थेट पाणीपुरीच्या गाडीजवळ उभं राहिल्यासारखं. मी खोलीत जाऊन माझ्या चाट मसाल्याच्या बरणीचं झाकण तपासलं. ते घट्ट होतं. मग म्हटलं, घरची आठवण येत असेल, कोविडमध्ये लोकांच्या नाकाला काहीही होतं. वास हुंगून भूक मात्र सणकून लागली. मी काकडी चिरली, त्यावर चाट मसाला भुरभुरवला आणि टाकीशेजारीच बसून खाल्ली.

गुरुवारी दुपारी ब्रिस्बेन उघडलं. बाई संध्याकाळच्या आत पोचल्या. गाडीतून उतरून मास्क हनुवटीवर ओढत थेट शेडमध्ये आल्या. मी दोन कप चहा करून, केस विंचरून उभा होतो.

बाईंनी टाकीकडे पाहिलं. दोन फुलाफुलांचे डूने, त्यावर पट्टे, त्यावर धोंडा.

"हे काय आहे?"

"वाइन," मी म्हणालो.

"आजारी आहे का ती?"

"नाही नाही. तुम्हीच म्हणालात, गुंडाळ. आणि कॅप दाबायला धोंडा. सारखी वर येत होती."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग धोंड्याकडे. मग झाकणाकडे, ज्यावरून अजून पाणी निथळत होतं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ते तीन दिवसांचे फोन एकेक करून उलगडत गेले. मी पाहिले ते.

"ओली," त्या म्हणाल्या. "चिंब."

दोघांनी मिळून धोंडा उतरवला. झाकण उघडलं आणि गरम वाफेबरोबर ती सबंध पाणीपुरीची गाडी आमच्या तोंडावर आली. आत सालांचा थर तडे जाऊन सुकलेल्या चिखलासारखा झाला होता. बाई दुधाच्या क्रेटवर चढल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. एकदम बाहेर काढला. थर्मामीटर, आत बुडवायचं खरं थर्मामीटर, कप्प्यात होतं.

"छत्तीस," त्या म्हणाल्या. "आणखी थोडं तापलं की सगळं यीस्ट मरतं. मेलंही असेल. तो दांडा कुठाय? खाली गोल थाळी असलेला?"

दांडा भिंतीला टेकून उभा होता. मी त्यावर टॉवेल वाळत घालायचो.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा टॉवेल उचलून घडी घातली, मला दिली आणि दांडा आत खुपसला. मग मला. म्हणजे दांडा मला दिला. फ्रिजरमधल्या बर्फाच्या बाटल्या धुऊन आत सोडल्या. खालच्या नळातून रस बादलीत उंचावरून पाडायचा, त्याला हवा लागू द्यायची आणि परत वर ओतायचा. मी ओतत होतो, दाबत होतो, परत ओतत होतो. हाताला फोड आले. कपडे असे जांभळे झाले की कुणी पाहिलं असतं तर पोलीस बोलावले असते.

"हा वास जाईल का?" मी विचारलं.

"यीस्ट गुदमरलं की हा वास सुटतो. तुझ्याकडे तांब्याचं काही आहे?"

माझ्याकडे होतं. आईने बॅगेत कोंबलेला पाणी प्यायचा तांब्या. रात्रभर पाणी ठेवून सकाळी प्यायचं, पोट साफ राहतं. बाईंनी पेलाभर रस त्यात ओतला, गरगर फिरवला आणि नाक घातलं. मग माझ्यापुढे धरला. काळं मीठ गायब. नुसतं द्राक्षांचं, मिऱ्यासारखं, काहीतरी गोड.

"म्हणजे वास दुरुस्त होईल, सगळी टाकी काही तांब्यात ओतता यायची नाही, पण तांबं असलेलं औषध मिळतं त्यावर," बाई म्हणाल्या. तांब्या उलटसुलट करून पाहिला. "तुझ्यापेक्षा तुझं भांडं हुशार आहे."

यीस्ट जिवंत आहे की नाही, ते मात्र सकाळीच कळणार होतं. सालं परत वर आली तर जिवंत. नाही आली तर फ्रिजवरच्या कागदाला पेन लागणार. बाईंनी हे सांगितलं नाही. चहा घेताना त्यांची नजर तिकडे गेली, माझीही गेली आणि मग आम्ही दोघं कुत्र्याकडे बघत चहा प्यायलो.

सकाळी उजाडल्याबरोबर मी शेडमध्ये गेलो, तर बाई आधीच तिथे. टाकीला कान लावून उभ्या. मला हाताने गप्प केलं, मी तोंड उघडलं नव्हतं तरी. मीही दुसऱ्या बाजूने कान लावला. आतून अगदी बारीक आवाज येत होता, सोड्याची बाटली नुकती उघडून ठेवावी तसा. आत डोकावलो. रात्री बुडवलेली सालं दोन बोटं वर आली होती. दोनच बोटं, पण वर.

बाई स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग मी. त्यांनी फ्रिजवरचं चुंबक काढलं, सफरचंदवाल्याचा करार टेबलावर पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर जाड मार्करने एक चित्र काढलं. खाली रस, वर सालं, त्यात दांडा, खाली जाणारा बाण. बाजूला मोठ्या अक्षरांत: ही कॅप. त्याच्या शेजारी टाकीचं झाकण काढून त्यावर फुली मारली. मग तो कागद शेडच्या दाराला, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, चार खिळे मारून ठोकला.

शनिवारी बायको आली. मास्क लावून ती दारातच तो कागद बराच वेळ वाचत उभी राहिली. खांदे हलत होते. मास्कमुळे माणसाचं हसू दिसत नाही ही समजूत चुकीची आहे.

"आम्ही लॅबमध्ये जंतूंची कल्चर्स वाढवतो," ती म्हणाली. "आणि तू त्यांना डूना घालून वर धोंडा ठेवलास. तुझ्या आईला माहितीय?"

आईचा फोन त्याच दुपारी आला. "लागलं का रे दही?"

"लागलं," मी म्हणालो. "जरा तापलं होतं."

"तरी म्हटलं, उघडून बघितलं असणार तू."

बायकोने बाईंकडून दांडा घेतला आणि पहिल्याच फटक्यात असा काही चालवला, की बाईंनी विचारलं, "ही पण नाशिकची?" बायको म्हणाली, "नाही, ठाण्याची." बाई म्हणाल्या, "मग मी यापुढे ठाण्याचीच माणसं घेईन."

वाइन झाली. पिंपांत भरली तेव्हा बाईंनी त्या पिंपांवर खडूने 'डूना' असं लिहिलं. चव चांगली होती. अगदी शेवटी जिभेवर एक किंचित, कळेल न कळेल असा खारटपणा राहतो, असं मला वाटतं. बायको म्हणते तो माझ्या मनाचा आहे. बाई म्हणतात, तो माझ्या काकडीचा आहे.

डिसेंबरात, इथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, बाटल्या भरायच्या ठरल्या. सफरचंदवाला स्वतः मदतीला आला, दारावर ठोकलेला स्वतःचाच करार उलट्या बाजूने वाचून मान हलवून आत गेला. बायको बाटल्या भरणार, तो खोकी लावणार. मला बाईंनी हाताला धरून एका छोट्या यंत्राकडे नेलं. इथे वाइनला बूच नसतं, फिरकीचं पत्र्याचं झाकण असतं. ते बाटलीवर ठेवायचं आणि वरचा दांडा ओढून दाबायचं.

मी म्हणालो, "मला टाकीजवळ काही काम नाही का?"

"इथे उभा राहा, एक्स्पर्ट, आणि कॅप खाली दाब," बाई म्हणाल्या. "या वेळी खरंच झाकणच आहे."